प्रागचे चार दिवस आणि बिटाची साखर

ऐन गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या चार सभासदांनी परदेशी फिरायला जावे, हे ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. पण आमच्या लावणीची तोड फेब्रुवारीत होती, आमच्यापैकी एकाचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे, आणि त्याला नाताळची सुट्टी होती. तेव्हा डिसेंबरात चार दिवस काढून आम्ही झेक देशाची राजधानी प्राग पाहून आलो. पाहिले ते लिहून द्या, असा संपादक मंडळींचा आग्रह पडला, म्हणून हा लेख.

ड्रेस्डेनहून रेल्वेने प्राग सव्वादोन-अडीच तासांवर आहे. गाडी बराच वेळ एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते. थंडी म्हणाल तर शून्याच्या आसपास. आपण मळ्यात रात्री पाण्याची पाळी धरतो ती थंडी वेगळी, ही वेगळी. इथे वारा थेट हाडात शिरतो. दिवस जेमतेम आठ तासांचा. सकाळी आठला उजाडते आणि चारला दिवे लागतात. कानटोपी, हातमोजे आणि जाड तळाचे बूट याला पर्याय नाही. बुटांवरून आठवले, आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली बाटा कंपनी मूळची याच देशातली, 1894 साली झ्लिन गावात सुरू झालेली. आपल्यापैकी कित्येकांना ती आजवर देशीच वाटत होती.

गावाच्या मधून व्हल्टावा नदी वाहते. तिच्यावरचा चार्ल्स पूल राजा चौथा चार्ल्स याने 1357 साली बांधायला घेतला. दोन्ही बाजूंना मिळून तीस पुतळे आहेत. पुलावरून आता गाड्या जात नाहीत, माणसेच चालतात. त्याची एक गोष्ट तिथे सगळेच सांगतात. चुना घट्ट बसावा म्हणून राजाने गावोगावहून अंडी मागवली. वेल्वारी गावच्या लोकांना वाटले, वाटेत फुटतील, म्हणून त्यांनी ती उकडून पाठवली! आख्यायिकाच ती, पण खेड्यातल्या माणसाचा हिशेब जगात सगळीकडे सारखाच, एवढे मात्र पटले.

या पुलाने पूरही पुष्कळ सोसले. 1890 च्या पुरात त्याच्या तीन कमानी गेल्या. ऑगस्ट 2002 मध्ये तर पाणी शहरात शिरले आणि भुयारी रेल्वे बुडाली. नदीकाठी पाहिजे तेव्हा उभ्या करता येणाऱ्या धातूच्या भिंती त्यांनी बसवल्या आहेत, आणि 2013 च्या पुरात जुने शहर त्यांनी राखले. 2019 साली कृष्णा-पंचगंगेचे पाणी ज्यांच्या उसात आठ-आठ दिवस उभे होते, त्यांनी ही गोष्ट कान देऊन ऐकावी अशी आहे.

जुन्या चौकात 1410 सालचे घड्याळ आहे. ताशी एकदा वरच्या खिडक्यांतून येशूच्या शिष्यांचे पुतळे फिरतात आणि हाडांचा सापळा घंटा वाजवतो. पाहायला ही गर्दी! आम्हाला मात्र खालची तबकडी आवडली. तिच्यावर बारा महिन्यांची शेतकामे रंगवली आहेत: नांगरट, पेरणी, कापणी. राजधानीच्या भर चौकात कुणब्याचे वर्षभराचे काम टांगलेले पाहून बरे वाटले. मूळ चित्र चित्रकार योसेफ मानेस याचे, एकोणिसाव्या शतकातले. ते संग्रहालयात जपून ठेवले असून घड्याळावर नक्कल आहे.

टेकडीवर राजवाडा आणि संत व्हिटस यांचे मोठे चर्च. चर्चचे काम 1344 साली सुरू झाले आणि 1929 साली पुरे झाले. कालव्याचे काम रेंगाळले की आपण किती बोलतो!

खाण्याचे हाल होतील असे वाटले होते, पण शाकाहारी मंडळींचे बटाट्याच्या सूपवर आणि तळलेल्या चीजवर भागले. नाताळच्या आधी रस्त्यांच्या कडेला पाण्याच्या टबांत जिवंत कार्प मासे विकायला असतात. तळ्यांत पाळलेले हे मासे नाताळच्या रात्री बटाट्याच्या सॅलडबरोबर खातात, आणि वर्षभर पैसा टिकावा म्हणून त्याचे एक खवले पाकिटात ठेवतात. पैसे तिथे क्राउनमध्ये द्यावे लागतात, त्या देशाने अजून युरो घेतलेला नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र आम्ही शहर सोडून दोब्रोविसेला गेलो. प्रागच्या ईशान्येला साठेक किलोमीटरवरच्या या गावात 1831 पासूनचा साखर कारखाना आहे आणि साखरेचे एक संग्रहालयही. हंगाम शरदात सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालतो, त्यामुळे धुराडे चालू होते, बिटाच्या गाड्या रांगेत होत्या. आपल्यासारखीच रांग, फक्त बैलगाडी नाही आणि हलगीही नाही. वासात मात्र फरक. मळीचा गोडसर वास नाही, ओल्या मातीचा आणि उकडलेल्या कंदाचा वास.

बिटातली साखर बर्लिनच्या मारग्राफ यांनी 1747 साली दाखवून दिली, आणि त्यांचे शिष्य आखार्ड यांनी शतकाच्या वळणावर पहिला कारखाना काढला. पुढे नेपोलियनच्या नाकेबंदीत उसाची साखर येईना, तेव्हा युरोपात बिटाचे दिवस आले. बीट पिळत नाहीत. त्याच्या पन्हाळीसारख्या बारीक फोडी करून गरम पाण्यातून फिरवतात, साखर पाण्यात उतरते. उरलेला चोथा जनावरांना. म्हणजे चिपाड नाही, आणि चिपाड नाही म्हणून बॉयलरला जळण विकत घ्यावे लागते! आपला ऊस आपले जळण बरोबर घेऊन येतो, याची किंमत तिथे कळली. दोब्रोविसेला अल्कोहोलही करतात, इंधनात मिसळायला.

मालक कोण, हे आम्ही आधी विचारले. उत्तर ऐकून चकित झालो. कारखाना टेरिऑस या फ्रेंच समूहाकडे आहे, आणि तो समूह फ्रान्समधल्या बीट-उत्पादकांची सहकारी संस्था आहे. म्हणजे सहकारी आहे, पण सभासद फ्रान्सचे. झेक शेतकरी करारावर बीट घालतो. भागधारकांच्या सभेत उभे राहून उताऱ्याचा आणि भावाचा जाब विचारायचा हक्क त्याचा नाही.

हे उगाच लिहीत नाही. 1989 च्या राज्यपालटाच्या वेळी झेक प्रांतात पन्नासच्या आसपास साखर कारखाने होते. आज हाताच्या बोटांवर मोजावे इतके उरले. जुने कारखाने विकले गेले, परदेशी कंपन्यांनी घेतले. 2006 साली युरोपीय संघाने साखरेचे धोरण बदलले आणि उत्पादन सोडणाऱ्याला भरपाई ठेवली. तेव्हा एका परदेशी कंपनीने तीन कारखाने एकदम बंद केले. 2017 साली साखरेचे कोटे संपले. 2025 साली दक्षिण मोरावियातला ह्रुशोवानीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. तो घेणारी कंपनी ऑस्ट्रियातली. ज्या शेतकऱ्याने औजारे बिटासाठी घेतली, त्याने ती कुठे न्यायची? बीट लांब वाहून नेणे परवडत नाही. उसाचे गणित आपल्याला ठाऊकच आहे.

आता एक गोड गोष्ट. पूर्वी साखर मोठ्या शंकूच्या ढेपेत मिळे आणि घरी फोडावी लागे. मोरावियातल्या दाचित्से गावच्या साखर कारखान्याचे संचालक याकुब राड यांच्या पत्नीचे ढेप फोडताना बोट कापले. सारखे तुकडे तयार का मिळू नयेत, असे त्या म्हणाल्या. राड यांनी साचा केला, बाईंना साडेतीनशे तुकड्यांची पेटी भेट दिली आणि 1843 साली पेटंट घेतले. चहात टाकायचा साखरेचा चौकोनी तुकडा तो हा. दाचित्सेत त्याचे स्मारकसुद्धा आहे. आम्हाला तिथे जाता आले नाही, ते गाव प्रागपासून लांब पडते.

तुकड्यांचा एक पुडा मात्र आणला आहे. तो गट ऑफिसात ठेवला आहे. ज्यांना पाहायचा आहे त्यांनी सवडीने पाहावा. चहात टाकू नये, कारण एकच आहे.