पँटची कंबर मोजणारा संशोधक
व्यायामाने हृदयविकार टळतो, हे आज कुणीही सांगेल. पण त्याचा भक्कम आकडेवारीचा पुरावा दिला तो संशोधक जेरी मॉरिस यांनी, 1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात! लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर मात्र तिकिटं देत रोज 500 ते 750 पायऱ्या चढायचे. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी, आणि झालाच तर उशिरा व सौम्य. फिरणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे टपाल कारकून यांच्यातही तोच फरक.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. ड्रायव्हर मुळातच जाड असतील तर? म्हणून मॉरिसनी चक्क गणवेशाच्या पँटींच्या कंबरेची मापं मिळवली. ड्रायव्हरांच्या कंबरा खरंच मोठ्या निघाल्या. पण बारीक असो वा पोट सुटलेला, धोका कंडक्टरलाच कमी होता.