ई-20 आणि पिकअपचं ॲव्हरेज

डभोई ते बडोदा साधारण 30 किलोमीटर. या फेरीत ई-20 मुळे ॲव्हरेज किती घटतं? डिझेलवरच्या बोलेरो पिकअपवाल्यांनी ही चौकट सोडून द्यावी. इथेनॉल मिसळतात ते पेट्रोलमध्ये. प्रश्न आहे पेट्रोलवरच्या छोटा हत्ती आणि सुपर कॅरीचा.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये जेमतेम 21. म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणात, ई-20 मध्ये, लिटरमागे 6 ते 7 टक्के ऊर्जा कमी. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या, ई-10 ला जुळवलेल्या चारचाकींसाठी नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही घटीचा अंदाज तेवढाच आहे. ई-10 साठी बनवून ई-20 ला जुळवलेल्या गाड्यांसाठी 1 ते 2 टक्के. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, त्याचा फायदा जुळवलेलं इंजिनच उठवतं.

समजा, गाडी लिटरला 15 देत होती, ती 14 वर आली. बडोद्याच्या एका फेरीला, जाऊन-येऊन, 4 लिटरऐवजी साधारण सव्वाचार लिटर, म्हणजे पाव लिटर जास्त. तेही शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत; ई-10 शी ताडलं तर फरक निम्माच. (1862 मध्ये डभोईची गायकवाडी रेल्वे बैलांनी ओढली, तेव्हा ॲव्हरेज कडब्यात मोजावं लागलं असतं!) लिटरमागे तीन-चार किलोमीटर गेले असतील, तर आधी टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि हौद्यातला जादा माल बघा. जुन्या गाडीत रबरी नळ्या, गॅस्केटही तपासून घ्या. इथेनॉल त्यांना लवकर खातं.