फिरत्या बिऱ्हाडाचे इंटरनेट

ज्याचे घर एका जागी असते, त्याला मोबाइलवरील इंटरनेटची निवड करणे अवघड जात नाही. घरात आणि अंगणात कोणत्या कंपनीची रेंज चांगली येते एवढे पाहिले, की त्याचे काम भागते. परंतु ज्यांचे बिऱ्हाडच पाठीवर असते, त्यांनी काय करावे? ऊसतोडणी करणारी कुटुंबे, मालमोटारींचे चालक, मेंढपाळ अशी कितीतरी माणसे महाराष्ट्रात वर्षाचे अनेक महिने वाटेवरच राहतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात ढवळपुरी नावाचे गाव आहे. पावसाळा संपला, की तेथील धनगर मेंढपाळ आपले कळप घेऊन कोकणाची वाट धरतात. भात कापून झालेल्या शेतांत ते मेंढ्या बसवतात. शेताला उत्तम खत मिळते आणि शेतकरी मेंढपाळाला मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. पुढचा पावसाळा लागण्यापूर्वी ही मंडळी पुन्हा घाट चढून देशावर येतात.

या प्रवासात मोबाइल ही चैनीची वस्तू नव्हे. गावी शिकत असलेल्या मुलांची खुशाली त्यावर कळते. मेंढरू आजारी पडले, तर त्याचे छायाचित्र पशुवैद्याकडे धाडता येते. परतीच्या वाटेवर वळवाचा पाऊस गाठतो, तेव्हा तर उघड्या माळावरील माणसाला विजेचे मोठे भय असते. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिद्ध केलेले 'दामिनी' हे ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. मात्र ही सूचना इंटरनेटवरून येते. रेंज नसेल, तर सूचना निघूनही मेंढपाळापर्यंत पोहोचत नाही. म्हणून इंटरनेटची निवड हा येथे केवळ पैशांचा प्रश्न राहत नाही.

रेंज का जाते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. मोबाइल अदृश्य रेडिओलहरींच्या साहाय्याने जवळच्या टॉवरशी बोलत असतो. मध्ये डोंगर आला, की या लहरी अडतात. डोंगराच्या आड जशी उन्हाची सावली पडते, तशीच लहरींचीही सावली पडते. म्हणूनच घाटमाथ्यावर चांगली येणारी रेंज खालच्या दरीत एकाएकी नाहीशी होते. शिवाय सर्व लहरी सारख्या नसतात. कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात आणि जास्त वारंवारतेच्या लहरी लवकर क्षीण होतात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात ५-जी सेवेचा आरंभ झाला. तिचा वेग मोठा आहे. परंतु ज्या खेड्यात साधी ४-जी रेंजही धड पोहोचत नाही, तेथे हातात ५-जीचा मोबाइल असून काय उपयोग?

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. कंपनी जाहिरात पाहून निवडू नये. वाट पाहून निवडावी. कोणकोणत्या गावी मुक्काम पडणार, याची यादी करावी आणि गेल्या वर्षी त्याच वाटेने गेलेल्या माणसांना विचारावे. जिल्ह्यात रेंज आहे, हे उत्तर पुरेसे नाही. ज्या शिवारात रात्र काढावयाची, तेथे आहे काय, हे कळले पाहिजे. एक कंपनी सर्वत्र पुरत नसेल, तर दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड जवळ ठेवावे. तथापि एकाच टॉवरवर अनेकदा दोन-तीन कंपन्यांची यंत्रे बसवलेली असतात. त्या टॉवरची वीज गेली, तर साऱ्यांचीच रेंज जाऊ शकते. म्हणून पहिली कंपनी जेथे पोहोचत नाही, तेथे जी पोहोचते, तीच दुसरी म्हणून निवडावी.

दुसरा नियम गरजेचा. लेखी निरोपाला इंटरनेट फारच थोडे लागते. परंतु साधारण स्पष्टतेचा व्हिडिओ तासभर पाहिला, तर सुमारे अर्धा जीबी डेटा खर्च होतो. पुष्कळ रिचार्जमध्ये रोज ठराविक डेटा मिळतो आणि न वापरलेला भाग मध्यरात्री संपुष्टात येतो. घाटात दोन दिवस रेंजच नसेल, तर त्या दोन दिवसांचा डेटा फुकट जातो. अशा माणसाला रोजच्या मर्यादेचा नव्हे, तर मुदतीत केव्हाही वापरता येईल असा एकूण डेटा देणारा रिचार्ज अधिक सोयीचा ठरतो.

तिसरा नियम घाई न करण्याचा. २० जानेवारी २०११ पासून देशभर आपला क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली. परंतु एकदा बदल केल्यावर ९० दिवसांपर्यंत पुन्हा बदल करता येत नाही. कोकणातला मुक्काम काही महिन्यांचाच. त्यांतले तीन महिने चुकीच्या कंपनीबरोबर काढावे लागले, तर मोठीच अडचण होते. म्हणून नव्या कंपनीचे सिमकार्ड आधी थोड्या मुदतीचा रिचार्ज करून पारखावे आणि मगच नेहमीचा क्रमांक तिच्याकडे न्यावा.

एवढे करूनही वाटेत रेंज नसलेली ठिकाणे येणारच. रेंज क्षीण असली, की मोबाइलला टॉवर गाठण्यासाठी अधिक शक्ती खर्च करावी लागते आणि बॅटरी लवकर उतरते. म्हणून घाटाला लागण्यापूर्वी बॅटरी भरून घ्यावी आणि लागणारा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा. आणखी एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. आपल्या कंपनीची रेंज नसली, परंतु दुसऱ्या एखाद्या कंपनीची असली, तरी संकटकाळी ११२ हा क्रमांक लागू शकतो. मात्र कोणतीच रेंज नसेल, तेथे तोही लागत नाही.

अशा जागी आकाशाचा रंग ओळखणारी मेंढपाळाची नजरच कामी येते. ढग दाटून येताच उंच एकाकी झाडापासून दूर व्हावे, हे शहाणपण त्याला टॉवरने शिकवलेले नाही. नवे साधन पारखून घ्यावे आणि जुने शहाणपण सोडू नये, यातच वाटेवरच्या माणसाचे हित आहे.