गाभा तोच, पसारा वाढता

अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला, तीस कोटी प्रकाशवर्षांहून दूर, हजाराहून अधिक दीर्घिकांचा एक गुच्छ आहे. साध्या छायाचित्रात दोन दीर्घिकांमधली जागा रिकामी दिसते. प्रत्यक्षात तिथे आठ-नऊ कोटी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला आहे आणि गुच्छातल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा त्याचे वस्तुमान कितीतरी अधिक आहे. इतका तापलेला वायू मुख्यतः क्ष-किरण देतो आणि ते आपल्या वातावरणात शोषले जातात. म्हणून या वायूची खरी ओळख उपग्रहांच्या काळातच झाली. केनियाच्या किनाऱ्याजवळील समुद्रातल्या मंचावरून 12 डिसेंबर 1970 रोजी सुटलेला ‘उहुरू’ हा त्यातला पहिला. (उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य, तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता.)

मी कुठल्या विद्यापीठात नाही. पण ‘चंद्रा’ दुर्बिणीची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात, त्यामुळे माझ्यासारख्यालाही हा विषय घरी बसून धुंडाळता येतो. त्यातला मला सर्वांत ओढ लावणारा प्रश्न असा : हा वायू अब्जावधी वर्षांत बदलला का?

सिद्धान्ताचे उत्तर सोपे आहे. विश्वातली अंतरे आजच्या निम्मी होती तेव्हा सरासरी घनता आठपट होती. त्या काळी जमलेला गुच्छही तितकाच घट्ट असणार. वायूची क्ष-किरण तेजस्विता घनतेच्या वर्गानुसार वाढते, कारण इलेक्ट्रॉन एखाद्या अणुकेंद्राजवळून वळताना किरण फेकतो आणि दाटीत अशा गाठी अधिक पडतात. म्हणजे तेवढ्याच वस्तुमानाचा प्राचीन गुच्छ आजच्यापेक्षा तेजस्वी हवा. निक कायझर यांनी 1986 मध्ये हे गणित मांडले. त्यात वायू तापवणारे गुरुत्वाकर्षण एकटेच. लहान-मोठे, जुने-नवे सारे गुच्छ एकाच घडणीचे.

अडचण गुच्छांच्या मध्यभागी आली. तिथे वायू इतका दाट असतो की किरण देऊन तो एक अब्ज वर्षांच्या आत निवायला हवा. निवलेल्या वायूतून दरवर्षी शेकडो सूर्यांइतके तारे बनायला हवेत. 1999 साली ‘चंद्रा’ आणि ‘एक्सएमएम-न्यूटन’ अवकाशात गेल्या, तेव्हा हा थंड वायू अपेक्षेच्या मानाने जवळजवळ सापडलाच नाही. कोणीतरी त्याला सतत शेक देत होते. ययाती तारकासमूहातल्या गुच्छात ते उघड दिसले : मधल्या दीर्घिकेतले कृष्णविवर वायूत बुडबुडे फुगवते आणि त्यातून ध्वनिलहरी पसरतात. भुजंगधारीतल्या गुच्छात अशाच एका प्रचंड उद्रेकाची खूण 2020 मध्ये पक्की झाली. त्या कामात नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचाही वाटा होता.

हा शेक अलीकडचा की जुना? इथे चाळणीचा दोष आड येतो. तेजस्विता घनतेच्या वर्गावर असल्यामुळे क्ष-किरणांनी शोध घेतला तर दाट गाभ्याचेच गुच्छ जास्त हाती लागतात. शिवाय अंतरे निम्मी असतानाच्या काळातल्या गुच्छाची पृष्ठदीप्ती सोळापट मंदावते. अशा यादीवरून ‘पूर्वी दाट गाभे कमी होते’ वा ‘जास्त होते’ असे म्हणणे धोक्याचे, आणि या विषयातले निम्मे वाद मला चाळणीचेच वाटतात.

वाट सापडली ती दक्षिण ध्रुवावर. महास्फोटाचे अवशिष्ट सूक्ष्मतरंग तप्त वायूतून जाताना किंचित बदलतात आणि तो ठसा अंतराने फिका होत नाही. दक्षिण ध्रुवावरच्या दहा मीटर दुर्बिणीने या ठशांवरून गुच्छ हेरले. मग ‘चंद्रा’ त्यांच्याकडे वळवली. मायकेल मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अशा दूरच्या गुच्छांची जवळच्या गुच्छांशी तुलना केली. सारे मिळून 147 गुच्छ, दहा अब्ज वर्षांचा पल्ला. बाहेरचा वायू कायझर यांच्या गणिताप्रमाणेच बदलला होता. दाट गाभ्यांची घनता आणि आकार मात्र जवळजवळ तेच होते! वाड्याला सोपे, पडव्या जोडत जावे आणि माजघर मूळचेच राहावे, तसे.

म्हणजे निवणे आणि शेकणे यांचा तोल एवढा काळ टिकला. याला सगळे ‘नियमन’ म्हणतात. माझ्या मते तो शब्द अजून उत्तर नव्हे, प्रश्नाचेच नाव आहे. सूर्यमालेएवढ्या कृष्णविवराला लाखो प्रकाशवर्षांवरच्या वायूची खबर कशी लागते? निवलेल्या वायूचे थेंब त्याच्यावर पडतात आणि तेच त्याला चेतवतात, ही कल्पना मला सर्वांत पटते. फिनिक्स गुच्छात मात्र तोल ढळलेला आहे. तिथे खरोखरच दरवर्षी शेकडो सूर्यांइतके तारे बनत आहेत.

हा निव्वळ वायूचा हिशेब नाही. कुठल्या काळी किती वजनदार गुच्छ होते, या मोजणीवरून विश्वातले एकूण द्रव्य आणि त्याचे गुठळणे ठरवले जाते. ‘ई-रोझिटा’ची 2024 मधली यादी बारा हजारांवर गुच्छांची आहे. त्यातल्या बहुतेकांचे थेट वजन करणे शक्य नाही. क्ष-किरणांवरूनच अंदाज बांधावा लागतो. न बदलणारा गाभा त्या हिशेबात धरला, तर लांबच्या गुच्छांचे वजन चुकते. म्हणून अभ्यासक हल्ली बहुधा मधला भाग वगळूनच तेजस्विता मोजतात.

आता वायूचा वेग मोजायला हवा. 2016 मध्ये ‘हितोमी’ने ययातीतल्या गुच्छात तो सेकंदाला सुमारे 160 किलोमीटर मोजला आणि महिनाभरातच ती दुर्बीण निकामी झाली. 2023 मध्ये सुटलेली ‘क्रिझम’ ते काम पुढे नेत आहे, पण जवळच्या गुच्छांपुरते. दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या गाभ्यातला वायू किती खवळलेला होता, हे पाहण्याइतका मोठा आरसा अजून अवकाशात गेलेला नाही.