आऊटबोर्डचा प्लग न मोडता कसा काढायचा

मच्छीमार बांधवांनो, पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की आऊटबोर्डचे प्लग बदलायचं काम निघतंच. हेड अॅल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. खाऱ्या हवेत दोघं एकमेकांना धरून बसतात. म्हणून आम्ही परत परत सांगतो, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम हेडवर जोर लावला तर प्लगबरोबर आटेही निघून येतात.

आधी प्लगभोवतीचं मीठ-वाळू ब्रशने झाडा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. पाना सरळ बसवा. तिरका झाला की पांढरी चिनीमाती तडकते. अशा तडकलेल्या प्लगची ठिणगी बाहेरच उडते आणि इंजिन मिस मारतं, तेही नेमकं खाडीच्या तोंडावर लाटांत! थोडा फिरून प्लग अडला तर ताकद लावू नका. गंज सोडवणारा स्प्रे मारून रातभर ठेवा, मग थोडा सैल, थोडा घट्ट करत काढा.

नवा प्लग आधी हातानेच फिरवा. वॉशर टेकला की पान्याने अर्धा फेरा, फार तर किंचित जास्त. पान्याला पाईप लावून आवळणं म्हणजे हेड लेथवाल्याकडे नेण्याची तयारी. आणि हातातून खाली पडलेला प्लग, नवा असला तरी, बसवू नका.