प्राणवायू आला की अणू जागा सोडतात

चिंचेने घासून लख्ख केलेला तांब्याचा गडू चार दिवसांत मळकट दिसू लागतो. डोळ्यांना दिसतो तो या गोष्टीचा शेवट. सुरुवात होते हात मागे घेताक्षणीच. कारण उघड्या हवेत धातूच्या पृष्ठभागावरच्या प्रत्येक अणूवर सेकंदाला कोट्यवधी रेणू आदळत असतात.

ही सुरुवात पाहायची तर आधी हवा काढून टाकावी लागते. प्रयोगशाळेतल्या पोलादी निर्वात कक्षात दाब हवेच्या दाबाच्या एक अब्जांशाहूनही कितीतरी कमी करतात, तेव्हा कुठे धातू काही तास कोरा राहतो. मग प्राणवायू अगदी बेताबेताने सोडायचा.

सहज मनात येते ते चित्र असे: धातूचे अणू फरसबंदीसारखे घट्ट बसलेले आणि प्राणवायू त्यांच्या खाचांत येऊन विसावणारा. तांब्याने हे चित्र पार मोडले. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप १९८१ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत बिनिग आणि रोरर यांनी घडवला. त्याची टोकदार सुई पृष्ठभाग अणूअणूने चाचपते. १९९० च्या सुमारास डेन्मार्क आणि जर्मनीतील संशोधकांनी या सुईने तांब्याच्या स्फटिकाची एक विशिष्ट बाजू न्याहाळली. या बाजूवर अणूंच्या समांतर ओळी असतात, नांगरलेल्या शेतातल्या सऱ्या-वरंब्यांसारख्या. सपाट दिसणाऱ्या स्फटिकावरही एकेका अणूच्या उंचीच्या पायऱ्या असतात. प्राणवायू येताच या पायऱ्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या झिजू लागल्या! तिथून सुटलेले तांब्याचे अणू पृष्ठभागावर भटकत प्राणवायूला भेटले आणि तांबे-प्राणवायू-तांबे अशा साखळ्या तयार झाल्या. त्या धावल्या मूळ ओळींना काटकोनात. प्राणवायू वाढला तशा साखळ्या शेजारी-शेजारी रचल्या गेल्या, दोन साखळ्यांमध्ये एका ओळीची जागा मोकळी सोडून.

म्हणजे पाहुणा नुसता येऊन बसला नाही. घरातल्या माणसांना उठवून त्याने नवी भिंत बांधून घेतली.

प्लॅटिनमची गोष्ट याहून चंचल. गाडीच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड जाळण्यासाठी हा धातू उत्प्रेरक म्हणून वापरतात. त्याच्या एका स्फटिकबाजूवर मुळात एकाआड एक ओळ गायब असते. कार्बन मोनॉक्साइड दाटला की अणू सरकतात आणि त्या ओळी भरून निघतात. भरलेल्या पृष्ठभागावर प्राणवायू अधिक सहज चिकटतो, कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकतो, आणि ओळी पुन्हा गायब होतात. त्यामुळे ही अभिक्रिया काही परिस्थितींत आपोआप वेग घेते, मंदावते, पुन्हा वेग घेते. बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतील गेरहार्ड एर्टल यांनी हे कोडे उलगडले. त्यांना २००७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपलेल्या चित्रफितींत प्राणवायूचे गडद आणि कार्बन मोनॉक्साइडचे फिकट पट्टे प्लॅटिनमवर भोवऱ्यासारखे गरगरताना दिसतात.