काळजातलं गंधक

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ गाढवी नदी अडवून इटियाडोह धरण बांधलंय. धानाच्या बांध्यांना पाणी देणाऱ्या या धरणाच्या भागात रोहू चिरायला घेतला की एक जपणूक ठरलेली: पित्त फुटू द्यायचं नाही, नाहीतर अख्खा मासा कडू. त्या हिरव्या पिशवीभोवती तांबूस-तपकिरी, लिबलिबीत काहीतरी पसरलेलं दिसतं. तेच रोहूचं काळीज, म्हणजे यकृत. बकऱ्याच्या कलेजीसारखा त्याचा एकसंध तुकडा हाती लागत नाही. ते आतड्यांच्या वेटोळ्यांत शिरून बसतं आणि बहुतेक वेळा त्यांच्यासोबतच टाकून दिलं जातं.

या टाकाऊ लगद्यात हजारो प्रकारची प्रथिनं असतात. त्यांतली बरीचशी विकरं, म्हणजे एन्झाइम्स. त्यांतलं एक ग्लुटाथायोन रिडक्टेज. ग्लुटाथायोन हे पेशीतलं पुसायचं फडकं समजा. श्वासाबरोबर आलेल्या ऑक्सिजनमुळे जी घातक रसायनं तयार होतात, ती ते टिपून घेतं आणि स्वतः मळतं. मळलेलं फडकं पुन्हा धुऊन देणारं विकर म्हणजे रिडक्टेज. ते रोहूत आहे, तुमच्याआमच्यातही आहे.

हजारोंच्या गर्दीतून हे एकच प्रथिन वेगळं कसं काढायचं? तुर्कस्तानातल्या एर्झुरुमच्या संशोधकांनी ट्राउट माशाच्या यकृतातून ते काढलं आणि 2008 साली त्याचा अहवाल छापला. वापरलेली रीत मासेमारी करणाऱ्या ढिवरांना लगेच उमगेल अशी आहे.

आधी यकृत थंडगार द्रावणात वाटायचं. काम बर्फावर, कारण उष्णतेनं विकर मोडतं. मग गरगर फिरवून गाळ खाली बसवायचा आणि वरच्या निवळीत अमोनियम सल्फेट घालायचं. हे क्षार पाणी स्वतःकडे ओढतात, तशी प्रथिनं एकेक गट करून साक्याच्या रूपात खाली बसतात. ही झाली जाळ्याची फेक: हवं ते आलं, नको तेही आलं.

आता गळ. एका काचेच्या नळीत बारीक मणी भरलेले असतात आणि प्रत्येक मण्याला आमिष चिकटवलेलं असतं. फडकं धुण्यासाठी रिडक्टेजला एनएडीपीएच नावाचं खाद्य लागतं. मण्यावरचं आमिष त्याच खाद्याच्या एका तुकड्यासारखं दिसतं. द्रावण नळीतून सोडलं की बाकीची प्रथिनं वाहून जातात, रिडक्टेज गळाला लागतं. मग खरं एनएडीपीएच ओतायचं. खरं खाद्य समोर आलं की विकर आमिष सोडतं आणि नळीच्या खालून जवळजवळ एकटंच बाहेर पडतं!

ते काम करतंय हे कसं कळावं? 340 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण एनएडीपीएच तो शोषतं. खाल्लं गेलेलं एनएडीपीएच शोषत नाही. म्हणजे द्रावणातून पार जाणारा प्रकाश जितक्या वेगानं वाढेल, तितकं विकर वेगानं काम करतंय.

आता त्यात थेंबाथेंबानं धातूचे क्षार घालायचे. कॅडमियम, तांबं यांसारख्या धातूंनी विकराचा वेग उतरू लागतो. इथं एक गंमत आहे. विकर टिकावं म्हणून एरवी द्रावणात ईडीटीए नावाचं रसायन घालतात. या प्रयोगाआधी मात्र ते धुऊन काढावं लागतं, कारण ते धातूंनाच मिठीत घेतं आणि निकाल खोटा येतो.

पण वेग का उतरतो? उत्तर वैद्यांच्या खलात आहे. पारा आणि गंधक एकत्र घोटले की काळीभोर कज्जली तयार होते. चांदीचे पैंजण काळे पडतात तेही गंधकामुळेच. रिडक्टेजच्या कामाच्या जागीही गंधकाचे दोन अणू आहेत, आणि फडकं धुतात ते हेच हात. पारा किंवा कॅडमियम आला की तो या हातांनाच बिलगतो. खलातली ओढ काळजातही तीच.

पण सगळेच धातू वैरी ठरत नाहीत. रक्तातला कार्बन डायऑक्साइड हाताळणाऱ्या कार्बोनिक अनहायड्रेजच्या गाभ्यात जस्त असतं, हे 1940 साली सिद्ध झालं. ते जस्त काढलं तर विकर थांबतं. शिवाय काचेच्या नळीत विकर उघडं असतं. जिवंत माशाकडे धातूंना धरून ठेवणारी मेटॅलोथायोनिनसारखी प्रथिनं असतात, त्यामुळे नळीतला आकडा जसाच्या तसा तलावाला लावता येत नाही. तरी एक गोष्ट ध्यानात येते: मासा पोट वर करून तरंगण्याच्या कितीतरी आधी त्याच्या काळजातली फडकी धुवायची राहू शकतात, आणि काठावरून ते कुणालाच दिसत नाही.

पालापाचोळा, शेण, भाताचं तूस पाण्यात पडलं तर कुजतं. पारा कुजत नाही. डोहाच्या गाळात उतरलेला पारा पाराच राहतो. म्हणून फुटलेला थर्मामीटर आणि संपलेले सेल नाल्यात टाकू नका. नाला नदीला मिळतो आणि नदीत मासा असतो.